काचतंतू ओढणारं बुशिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काचतंतूंच्या कारखान्यात नव्याने रुजू झालेले तंत्रज्ञ, मटेरियल सायन्स शिकणारी मुलं आणि वीज विभागातून उचलून थेट बुशिंगच्या ट्रान्सफॉर्मरपाशी आणून उभे केलेले अभियंते. या तिघांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एका जागी मांडले आहेत. सुरुवातीचे प्रश्न अगदी प्राथमिक आहेत. काम माहीत असणाऱ्यांनी सरळ दहाव्या प्रश्नापासून वाचलं तरी चालेल. एकाच गोष्टीचा संबंध दोन ठिकाणी आला तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बुशिंग म्हणजे नेमकं काय? मोटरच्या दांड्यावर बसवतात तेच का?

नाही, नाव तेवढं सारखं आहे. काचतंतूंच्या धंद्यात बुशिंग म्हणजे प्लॅटिनम आणि ऱ्होडियमच्या मिश्रधातूची लांबट, उथळ पेटी. ती वरून उघडी असते आणि तिच्या तळाला शेकडो किंवा हजारो बारीक नळ्या असतात. या नळ्यांना टिप म्हणतात आणि तळाच्या पत्र्याला टिप प्लेट. वरून वितळलेली काच पेटीत येते आणि टिपांमधून खाली उतरते. पेटीच्या दोन्ही टोकांना जाड पत्र्याचे कान असतात. त्या कानांना क्लॅम्प लावून वीज सोडतात आणि पेटीचा धातू स्वतःच तापतो.

म्हणजे हे एकच उपकरण भांडंही आहे, हीटरही आहे आणि साचाही. तिन्ही कामं एकाच पत्र्याकडून करून घ्यायची असल्यामुळे एक बाजू सुधारायला गेलं की दुसरी बिघडते, आणि पुढचे बहुतेक प्रश्न त्यातूनच निघतात.

२. काच बुशिंगपर्यंत येते कशी?

दोन मार्ग आहेत. मोठ्या कारखान्यांत भट्टीत वितळलेली काच चॅनल आणि फोरहार्थ या तापत्या पाटांमधून वाहत येते आणि फोरहार्थच्या तळाला ओळीने बसवलेल्या बुशिंगमध्ये उतरते. याला थेट वितळण पद्धत म्हणता येईल. दुसऱ्या, जुन्या पद्धतीत आधी काचेच्या गोट्या बनवतात, त्या निवडून घेतात आणि बुशिंगमध्येच टाकून पुन्हा वितळवतात. गोट्यांच्या पद्धतीत वितळवण्याचं कामही बुशिंगवरच येत असल्याने त्याला वीज जास्त लागते आणि आतली काचेची पातळी सांभाळण्याचं काम वाढतं. पुढची उत्तरं मुख्यतः थेट पद्धतीला धरून आहेत.

३. हे तंत्र किती जुनं आहे?

काचेचा धागा ओढणं जुनं आहे. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात काचेच्या धाग्यांनी विणलेला पोशाख मांडला होता. पण तो धागा काचेच्या कांडीचं टोक तापवून ओढलेला, जाड आणि ठिसूळ होता. अनेक टिपांच्या, विजेने तापणाऱ्या बुशिंगमधून अखंड तंतू काढण्याची पद्धत १९३० च्या दशकात अमेरिकेत उभी राहिली. ओवेन्स-इलिनॉय आणि कॉर्निंग या दोन काच कंपन्यांनी त्यावर काम केलं आणि १९३८ साली दोघींची मिळून ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी झाली.

४. ग्लास वूल आणि ऑप्टिकल फायबर यांनाही हेच बुशिंग लागतं का?

नाही. ग्लास वूल बहुतेक ठिकाणी वेगाने फिरणाऱ्या, बाजूच्या भिंतीला भोकं असलेल्या डिशमधून फेकून बनवतात आणि त्या डिशला प्लॅटिनम लागत नाही. ऑप्टिकल फायबर अतिशुद्ध सिलिकाच्या जाड कांडीचं टोक सुमारे २,००० अंश सेल्सिअसला मऊ करून ओढतात, तिथे भोकच नसतं. बुशिंग लागतं ते अखंड तंतूंना: कापडाचं सूत, रोव्हिंग (न पिळलेल्या तंतूंचा जुडगा), चॉप्ड स्ट्रँड (तंतूंचे कापलेले तुकडे), पवनचक्कीच्या पात्यांत आणि सर्किट बोर्डात जाणारा धागा.

५. गॅसने का तापवत नाहीत?

ज्योत बाहेरून उष्णता देते आणि तीही एकसारखी देत नाही. शिवाय टिपांच्या खाली ज्योत कुठून लावणार? तिथे तर तंतू गार करायचे असतात. वीज मात्र धातूच्या आतच उष्णता निर्माण करते. पत्र्याची जाडी कुठे कमी, कुठे जास्त ठेवून कुठे किती उष्णता हवी हे आधीच ठरवता येतं, आणि वीज कमी-जास्त केली की परिणाम लगेच दिसतो. तापमान एका अंशाच्या आसपास धरून ठेवायचं असेल तर याच्याशिवाय सोयीचा मार्ग नाही.

६. एवढं महाग प्लॅटिनमच कशाला? चांगलं स्टील किंवा निकेलचा मिश्रधातू चालणार नाही?

ई-ग्लासचा, म्हणजे काचतंतूंसाठी सर्रास वापरतात त्या काचेचा, तंतू ओढण्याचं तापमान साधारण १,२०० अंशांच्या आसपास असतं. त्या तापमानाला बुशिंग रात्रंदिवस, महिनोन्‌महिने उभं राहतं. वरून काच, खालून हवा. स्टीलला हवेत पापुद्रे सुटतात, वितळलेली काच त्याचे ऑक्साइड विरघळवून घेते, काचेला रंग चढतो, भोकं मोठी होतात. प्लॅटिनम १,७६८ अंशांना वितळतं, हवेत गंजत नाही, ई-ग्लासमध्ये जवळजवळ विरघळत नाही, त्याचा पातळ पत्रा ठोकता येतो आणि जोडता येतो, आणि त्यातून वीजही हवी तशी वाहते. इतके गुण एकत्र असणारा दुसरा धातू अजून कुणाला सापडलेला नाही.

आणखी एक. प्लॅटिनम खर्च होत नाही, अडकून पडतं. बुशिंग जुनं झालं की धातू परत मिळतो (प्रश्न १९ पाहा).

७. मग ऱ्होडियम कशासाठी मिसळतात?

शुद्ध प्लॅटिनम १,२०० अंशांना फार मऊ असतं. काचेच्या वजनाने टिप प्लेट हळूहळू खाली झोल धरते. १० किंवा २० टक्के ऱ्होडियम घातलं की धातू गरम असतानाही ताठ राहतो. दुसरा फायदा तितकाच मोलाचा आहे: अशा मिश्रधातूला काच कमी चिकटते, टिपेच्या कडेवर ती पसरत नाही. चिकटण्याचं प्रमाण आणखी कमी करायला काही ठिकाणी थोडं सोनंही मिसळतात. त्यापलीकडचा उपाय म्हणजे धातूत झिर्कोनियाचे अतिसूक्ष्म कण पेरलेलं प्लॅटिनम. ते कण धातूचे स्फटिक वाढू देत नाहीत, त्यामुळे झोल फार सावकाश येतो. मात्र साध्या वेल्डिंगने जोडताना ते कण एकत्र गोळा होतात आणि त्या जोडापुरता फायदा जातो.

८. एका बुशिंगला किती टिपा असतात आणि त्यातून किती काच निघते?

२०० पासून ४,००० पर्यंत सर्रास, आणि ६,००० च्या वरही. टिपेचा आतला व्यास साधारण १ ते २.५ मिलिमीटर. एक उदाहरण करून पाहू. १५ मायक्रॉनचा तंतू सेकंदाला २५ मीटर वेगाने ओढला तर एका टिपेतून तासाला सुमारे ४० ग्रॅम काच जाते. ४,००० टिपांचं बुशिंग असेल तर तासाला १६० किलोच्या आसपास.

९. तंतूची जाडी टिपेच्या भोकावर ठरते ना? बारीक तंतू हवा तर भोक लहान करायचं, बरोबर?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि समज चुकीचा आहे. म्हणून इथे जरा थांबू या.

१.८ मिलिमीटरच्या टिपेतून १५ मायक्रॉनचा तंतू निघतो. म्हणजे व्यास १२० पटींनी कमी होतो आणि छेदाचं क्षेत्रफळ १४,४०० पटींनी. टिपेच्या आत काच सेकंदाला दोन मिलिमीटरसुद्धा सरकत नसते, आणि काही सेंटिमीटर खाली तीच काच सेकंदाला २५ मीटर धावत असते. टिपेच्या तोंडाशी भिंग लावून पाहिलं तर लालसर नारिंगी काचेचा एक छोटा शंकू उलटा लोंबकळताना दिसतो. वर टिपेएवढा रुंद, खाली निमुळता होत होत डोळ्याला दिसेनासा. सगळी ताणाताण त्या शंकूत होते. टिप फक्त त्या शंकूला काच पुरवते.

किती काच पुरवायची हे चार गोष्टी ठरवतात: टिपेचा व्यास, टिपेची लांबी, वर उभ्या काचेची उंची आणि काचेचा घट्टपणा, म्हणजे श्यानता. यात व्यासाचा चौथा घात लागतो, म्हणून भोक २ टक्क्यांनी झिजलं तर प्रवाह ८ टक्क्यांनी वाढतो. खाली वाइंडर, म्हणजे तंतू ओढून गुंडाळणारं यंत्र, किती वेगाने ओढतो याचा या प्रवाहावर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. वाइंडरचा वेग दुप्पट केला तर तेवढीच काच दुप्पट लांबीवर पसरते: १५ मायक्रॉनचा तंतू साधारण १०.६ मायक्रॉनचा होतो, कारण जाडी वेगाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते.

म्हणून लक्षात ठेवायचं ते असं: किती किलो निघणार हे बुशिंग सांगतं, किती बारीक निघणार हे बुशिंग आणि वाइंडर दोघं मिळून सांगतात. उत्पादन वाढवायला नुसता वाइंडर पळवणाऱ्याच्या हाती किलो तेवढेच येतात, फक्त तंतू बारीक होतो आणि जास्त तुटतो.

१०. एक-दोन अंश इकडे-तिकडे झाले तर इतकं काय बिघडतं?

तंतू ओढण्याच्या तापमानाला ई-ग्लासची श्यानता दर अंशामागे एक ते दोन टक्क्यांनी बदलते. म्हणजे प्रवाहही तेवढाच बदलतो. पाच अंशांचा फरक झाला तर त्या टिपेतून सहा-सात टक्के जास्त किंवा कमी काच येते. सगळ्या टिपा एकत्र पाच अंशांनी तापल्या तर वाइंडर थोडा वाढवून सांभाळता येईल. खरी अडचण एकाच बुशिंगमधल्या फरकाची आहे. सगळे तंतू एकाच वेगाने ओढले जातात. ज्या टिपा गरम त्यांचे तंतू जाड, ज्या थंड त्यांचे बारीक, आणि बारीक तंतूवर ताण जास्त. तो आधी तुटतो. सरासरी तापमान अचूक असूनही बुशिंग चालत नाही, असं म्हणतात ते यामुळे.

११. किती व्होल्ट, किती अँपिअर? हात लागला तर शॉक बसेल का?

व्होल्ट अगदी थोडे, साधारण दोन ते पाच. अँपिअर मात्र हजारांत. ३ व्होल्ट आणि ८,००० अँपिअर धरले तर २४ किलोवॅट होतात. म्हणून बुशिंगच्या शेजारीच स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर असतो, तिथून जाड तांब्याच्या पट्ट्या किंवा पाण्याने गार ठेवलेल्या लवचिक केबल कानांपर्यंत येतात. वीज कमी-जास्त करणारे थायरिस्टर ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरी बाजूला असतात, कारण तिथे प्रवाह कमी आणि हाताळायला सोपा.

तीन व्होल्टला शॉक बसत नाही. पण प्रायमरी बाजू साध्या विजेचीच असते आणि जमीन पाण्याने कायम ओली, त्यामुळे तिथला धोका खराच आहे. बुशिंगच्या बाजूला भीती वेगळी: बोटातली अंगठी, कडं किंवा पाना दोन पट्ट्यांमध्ये टेकला तर तो क्षणात लालभडक होतो. हृदयाला पेसमेकर असलेल्यांनी या पट्ट्यांच्या जवळ उभं राहू नये, चुंबकीय क्षेत्र मोठं असतं.

जोड घट्ट ठेवण्याबद्दल एक आकडा सांगतो, तो ऐकल्यावर कुणी क्लॅम्प सैल सोडत नाही. ८,००० अँपिअरला जोडाचा रोध फक्त १० मायक्रोओहमने वाढला तर त्या एका जोडावर ६४० वॅट उष्णता निर्माण होते. अर्ध्या इस्त्रीएवढी, हातात मावणाऱ्या जागेत.

१२. वितळलेली काचही वीज वाहून नेते असं वाचलं. मग वीज धातू सोडून काचेतून का जात नाही?

जाते, पण नगण्य. वितळलेल्या काचेत आयनांमुळे वीज वाहते हे खरं, भट्टीत इलेक्ट्रोड लावून काच तापवतात ती याच गुणावर. पण ई-ग्लासमध्ये सोडियम-पोटॅशियम फार कमी असतं आणि तिचा रोध प्लॅटिनमच्या कित्येक लाख पट असतो. सोपा रस्ता धातूचा, वीज तिथूनच जाते.

१३. टिपांच्या ओळींमध्ये घुसवलेल्या पात्या कशासाठी?

त्यांना फिन म्हणतात. पातळ धातूच्या पात्या, एका टोकाला पाण्याने गार केलेल्या नळीला जोडलेल्या. टिपेबाहेर पडलेल्या काचेच्या शंकूतून उष्णता शोषून घेणं हे त्यांचं काम. गारवा कमी पडला तर शंकू पातळ होऊन थरथरतो आणि काच थेंबाने पडू लागते. गारवा जास्त झाला तर शंकू आखडतो, ताण वाढतो, तंतू तुटतो. फिनची उंची एक-दोन मिलिमीटरने सरकवली तरी चालणं बदलतं. त्यांच्यावर काचेतून उडालेल्या बोरॉन वगैरेच्या वाफांचा थर साचतो, म्हणून त्या नेमाने पुसाव्या लागतात. मळलेली फिन ही अर्धवट बंद पडलेली फिन समजायची.

काही बुशिंगना टिपाच नसतात, सपाट पत्र्याला दाट भोकं असतात आणि खालून हवेचे झोत सोडून काच गार ठेवतात. तिथे काच पत्र्यावर पसरू न देणं सगळं त्या हवेवर अवलंबून असतं.

१४. एक तंतू तुटला की सगळं बुशिंग का थांबवावं लागतं?

तुटलेल्या टिपेतून काच येणं थांबत नाही. ती टिपेच्या तोंडाशी जमू लागते, मणी फुगत जातो आणि प्रश्न ८ मधल्या उदाहरणात तो अर्ध्या मिनिटाच्या आसपास गळतो. गळताना तो आपल्या मागे एक नवा धागा ओढत नेतो, आणि खाली जाताना धावत्या शेजाऱ्यांना घासतो. ते तुटतात, त्यांचेही मणी पडतात. बघता बघता पंख्यासारखा पसरलेला तंतूंचा पूर्ण जुडगा कोसळतो.

मग कामगार सगळ्या टिपांचे मणी पडू देतो, त्यांच्या मागे आलेले धागे हाताने गोळा करून सावकाश खाली ओढतो, साइझिंग (तंतूंवरचा संरक्षक लेप) लावणाऱ्या रोलरवरून आणि ग्रॅफाइटच्या खाचेतून नेऊन वाइंडरवर चढवतो. त्या वेळात निघालेली सगळी काच वाया जाते, कारण बुशिंग बंद करता येत नाही. म्हणूनच या धंद्यात 'दिवसात किती वेळा तुटलं' हा पहिला प्रश्न असतो.

१५. आमच्याकडे तुटण्याचं प्रमाण अचानक वाढलं. कुठून शोधायला सुरुवात करू?

आधी एकच गोष्ट पाहा: तुटणं सगळ्या बुशिंगवर वाढलं आहे की एकावर? सगळ्यांवर असेल तर दोष वरून आलाय, म्हणजे काचेत बुडबुडे, न वितळलेले कण, भट्टीच्या विटांचे खडे किंवा स्फटिक. एकाच बुशिंगवर असेल तर दोष त्या जागेचा. मग विचारा, एकाच टिपेपाशी की कुठेही? एकाच टिपेपाशी सारखं तुटत असेल तर टिप झिजलेली, वाकलेली किंवा अर्धवट बुजलेली असते. एका टोकाच्या ओळीत असेल तर तापमानाचा तोल गेलेला असतो (प्रश्न १७). कुठेही असेल तर साइझिंग, रोलर, खाचेची झीज, वाइंडरचा हादरा हे बघा.

मी स्वतः एका कारखान्यात दोन दिवस काचेत खडे शोधत बसलो होतो. तुटणं एकाच बुशिंगच्या बाहेरच्या तीन ओळींत होतं आणि ठरावीक वेळीच होतं, हे नोंदवहीत लिहिलेलं होतं, पण मी ती वाचली नव्हती. त्या वेळी माल न्यायला बाजूचं मोठं दार उघडत होते आणि वाऱ्याची झुळूक सरळ टिपांवर येत होती. तिथे एक पडदा लावला आणि तुटणं थांबलं. तेव्हापासून मी आधी वेळ आणि जागा विचारतो, काचेची तपासणी नंतर.

१६. काच टिपेबाहेर पसरून शेजारच्या टिपेला मिळते. हे का होतं?

याला फ्लडिंग म्हणतात. तापमान गरजेपेक्षा जास्त असणं, फिन खाली उतरलेली किंवा मळलेली असणं, टिपेची कड झिजून गोल होणं ही नेहमीची कारणं. धातूला काच चिकटू लागली की ती कडेवरून वर चढते आणि तळाचा पत्रा ओला होतो. लहान भाग असेल तर तिथे गारवा वाढवून आणि थोडा वेळ तापमान उतरवून काच आवरते. टिपांना लोखंडी सळीने खरवडू नका. त्या तापमानाला प्लॅटिनम मऊ असतं, एक ओरखडा कायमचा राहतो.

१७. मधला भाग गरम आणि टोकं थंड आहेत. वीज वाढवून उपयोग होत नाही. काय करायचं?

होणारच नाही, वीज वाढवली की मधला भाग आणखी तापेल. इथे धातूचा एक स्वभाव समजून घ्यायला हवा. प्लॅटिनम-ऱ्होडियम तापलं की त्याचा रोध वाढतो. बुशिंगच्या रुंदीत पाहिलं तर शेजारशेजारच्या पट्ट्या विजेसाठी समांतर असतात. एखादी पट्टी तापली तर तिचा रोध वाढतो, वीज थंड पट्टीकडे वळते आणि फरक आपोआप कमी होतो. लांबीत मात्र उलटं घडतं. तिथे तीच वीज एकापाठोपाठ एक सगळ्या भागांतून जाते, आणि ज्याचा रोध जास्त तो भाग जास्त तापतो. म्हणजे रुंदीतला दोष स्वतः सुधारतो, लांबीतला दोष स्वतःला वाढवतो. टोकांचा प्रश्न लांबीतला आहे.

टोकं थंड पडतात कारण पाण्याने गार केलेला क्लॅम्प कानातून उष्णता खेचत असतो. क्लॅम्प कानावर थोडा बाहेर सरकवला की बुशिंग आणि क्लॅम्प यांच्यामधला तापणारा कान लांब होतो आणि टोकाला ऊब मिळते. आत सरकवला की टोक गार होतं. दोन-तीन मिलिमीटरच्या पावलांनी सरकवा, प्रत्येक पावलानंतर तापमान स्थिरावू द्या, आणि दोन्ही बाजू एकाच वेळी हलवू नका. मोठ्या बुशिंगना डाव्या-उजव्या भागाची वीज वेगवेगळी सांभाळणारे नियंत्रक लावता येतात. ते असतील तर आधी ते नीट चालतात का पाहा.

याउपर फरक राहिला तर दोष वरच्या काचेत असू शकतो. फोरहार्थमधून एका बाजूने थंड काच येत असेल तर क्लॅम्प सरकवून ते झाकता येईल, बरं करता येणार नाही.

१८. थर्मोकपल तापमान अचूक दाखवतो, तरी तंतूची जाडी सरकत चालली आहे. कुणावर विश्वास ठेवायचा?

तंतूवर. थर्मोकपल, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा तापमापक, तो जिथे जोडलाय त्या एका ठिपक्याचं तापमान सांगतो, आणि महिनोन्‌महिने १,२०० अंशांत राहिला की त्याच्या तारांमधलं ऱ्होडियम इकडचं तिकडे होऊन वाचन सरकतं.

जोडण्याची चूकही नेहमी सापडते. ३ व्होल्ट अर्ध्या मीटरच्या बुशिंगवर पसरले तर दर मिलिमीटरला साधारण ६ मिलिव्होल्ट पडतात. प्लॅटिनम-ऱ्होडियमचा थर्मोकपल त्या तापमानाला एका अंशामागे जेमतेम ०.०१२ मिलिव्होल्ट देतो. त्याच्या दोन तारा विजेच्या दिशेत एकमेकींपासून एक मिलिमीटर दूर जोडल्या गेल्या, तर बुशिंगच्या विजेचा दाब (व्होल्टेज) मोजमापात शिरतो. तो उलटसुलट बदलणारा असल्याने फिल्टर बराचसा गाळून टाकतो, पण नियंत्रक अस्वस्थ होतो. दोन्ही तारा आधी एकमेकींना जोडून मगच एका बिंदूवर वेल्ड कराव्यात.

जाडी सरकण्याचं तिसरं कारण बुशिंगचं नसतंच: वाइंडरवरची गुंडाळी भरत जाते तसा तिचा व्यास वाढतो आणि फेरे तेवढेच ठेवले तर ओढण्याचा वेग वाढत जातो. वाइंडरचे फेरे हळूहळू कमी करावे लागतात.

१९. बुशिंग किती दिवस टिकतं, आणि नंतर त्याचं काय होतं?

काही महिन्यांपासून वर्षभरापर्यंत, आकारावर आणि सांभाळण्यावर. शेवट बहुतेक वेळा टिप प्लेटच्या झोलाने होतो. मधला भाग खाली आला की मधल्या टिपा फिनच्या जवळ येतात, कडेच्या दूर राहतात आणि गारवा विषम होतो. म्हणून मोठ्या बुशिंगच्या खालून सिरॅमिकचे आधार देतात. दुसरी झीज हवेची. गरम प्लॅटिनमवर प्राणवायूमुळे उडून जाणारा ऑक्साइड बनतो, आणि टिपा सावकाश पातळ होत जातात.

अकाली मृत्यूची कारणं मात्र वेगळी असतात: शिसं, फॉस्फरस, आर्सेनिक किंवा धातुरूप सिलिकॉन. हे प्लॅटिनमशी मिळून फार कमी तापमानाला वितळणारे मिश्रधातू करतात आणि पत्र्याला भोक पडतं. सिलिका स्वतः निरुपद्रवी आहे, पण काचेत कार्बन शिरून वातावरण ऑक्सिजनचं भुकेलं झालं की तिच्यातूनच सिलिकॉन सुटतं.

काढलेल्या बुशिंगची काच सोडवून धातू शुद्ध करतात आणि त्याचंच नवं बुशिंग घडतं. वजनाची नोंद ग्रॅमपर्यंत ठेवली जाते.

२०. नवं बुशिंग पहिल्यांदा तापवताना काय जपायचं?

दोन गोष्टी. थंड धातूचा रोध तापलेल्या धातूच्या निम्म्याहूनही कमी असतो, त्यामुळे विजेचा नेहमीचा दाब दिला तर प्रवाह उसळतो. सुरुवात प्रवाहाची मर्यादा लावून, अगदी हळू करायची. आणि अर्ध्या मीटरचं बुशिंग १,२०० अंशांपर्यंत जाताना सुमारे सहा मिलिमीटर वाढतं. केबल ताणलेल्या असतील किंवा चौकटीत जागा नसेल तर ती वाढ टिप प्लेटला वाकवते. बुशिंगच्या चौकटीत गार पाण्याची नळी असते, तिचं काम इथे उपयोगी पडतं: बुशिंग आणि वरच्या विटेच्या फटीतून काच झिरपली तर ती गार होऊन तिथेच गोठते आणि स्वतःच फट बुजवते. म्हणून पाणी आधी, वीज नंतर.

२१. मध्येच वीज गेली तर बुशिंग वाया जातं का?

थोड्या वेळासाठी गेली तर नाही. टिपांमधली काच गोठते, वीज आली की पुन्हा मऊ होऊन मणी पडतात. लांबली तर दोन त्रास. धातू काचेपेक्षा जास्त आकसतो, त्यामुळे टिपांवर ताण येतो. आणि काच तिच्या लिक्विडस तापमानाच्या (ज्याच्या खाली स्फटिक बनू शकतात) खाली, पण फार खाली नाही, अशी तासन्‌तास रेंगाळली तर तिच्यात स्फटिक धरतात. ते टिपेत अडकतात आणि नेहमीच्या तापमानाला लवकर विरघळत नाहीत. म्हणून पुन्हा चालू करताना त्या पट्ट्यातून लवकर बाहेर पडायचं आणि काही काळ नेहमीपेक्षा थोडं वर ठेवायचं. प्रश्न २० मधली प्रवाहाची मर्यादा इथेही लागू आहे.

२२. या तंतूंनी फुफ्फुसाला धोका आहे का?

अखंड काचतंतू सहसा ५ मायक्रॉनपेक्षा जाड असतात आणि फुफ्फुसाच्या खोल भागात जाणारे तंतू साधारण ३ मायक्रॉनपेक्षा बारीक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात अखंड काचतंतू तिसऱ्या गटात, म्हणजे 'माणसात कर्करोगकारक म्हणून वर्गीकरण करता येत नाही' अशा गटात ठेवला. त्वचेची खाज मात्र खरी असते. लांब बाह्या घाला, कपडे वेगळे धुवा.

२३. ई-ग्लासचं बुशिंग बेसाल्टला किंवा जास्त ताकदीच्या काचेला चालेल का?

पेटी तीच दिसली तरी सहसा नाही. एस-ग्लास, म्हणजे जास्त ताकदीची काच, ओढण्याचं तापमान १,५५० अंशांच्या वर जातं. तिथे ई-ग्लाससाठी घडवलेली टिप प्लेट फार लवकर झोल धरेल. जास्त ऱ्होडियम किंवा कणांनी ताठ केलेला धातू आणि कमी टिपा, असं वेगळंच आखावं लागतं.

बेसाल्टची अडचण दुसरी आहे. त्यात लोह भरपूर, वितळलेला बेसाल्ट काळा असतो आणि उष्णतेचे किरण आत शिरू देत नाही. ई-ग्लासमध्ये वरून दिलेली उष्णता खोलवर जाते, बेसाल्टमध्ये ती वरच्या थरातच अडते. त्यामुळे टिपांवरचा थर उथळ ठेवावा लागतो आणि बुशिंगला स्वतःच्या उष्णतेवर जास्त अवलंबून राहावं लागतं. शिवाय त्याचं ओढण्याचं तापमान आणि स्फटिक धरण्याचं तापमान फार जवळजवळ असतं. ई-ग्लासला जो पाच अंशांचा फरक फक्त तंतू जाड-बारीक करतो, तो बेसाल्टमध्ये थंड टोकाच्या टिपा एकामागून एक बुजवत नेऊ शकतो. बुशिंग बदलण्याआधी निदान प्रश्न १७ मधलं क्लॅम्पचं काम पुन्हा करून पाहा, कारण ई-ग्लासवर चालून गेलेला असमतोल बेसाल्टवर पहिल्याच पाळीत दिसतो.